विज्ञानाची ओढ मुलाखतीत दिसते कशी? एमएसएल होऊ पाहणाऱ्या एका उमेदवाराला उत्तर

कराडहून एका उमेदवाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. फार्माकोलॉजी घेऊन एम.फार्म. झाले आहे, पुण्यातील एका कंपनीत औषध सुरक्षा विभागात तीन वर्षे काम झाले आहे आणि आता मेडिकल सायन्स लायझन, म्हणजे एमएसएल, या पदासाठी मुलाखती देणे चालू आहे. दोन ठिकाणी अखेरच्या फेरीपर्यंत जाऊनही निवड झाली नाही. दोन्हीकडून आलेला अभिप्राय जवळपास सारखाच होता: ज्ञान चांगले आहे, पण विज्ञानाविषयीची ओढ जाणवली नाही. "विषय तर मला मनापासून आवडतो. मग ते समोरच्याला का दिसत नाही? आता आवडीचा अभिनय करायचा का?"

अभिनय करू नका. तो पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो. मी या क्षेत्रात चौदा वर्षे आहे. त्यांपैकी पहिली आठ वर्षे सांगली, मिरज, कोल्हापूर, कराड आणि सातारा या पट्ट्यात एमएसएल म्हणून फिरण्यात गेली, आणि नंतरची सहा वर्षे मी मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसते आहे. या सहा वर्षांत "आय ॲम व्हेरी पॅशनेट अबाउट सायन्स" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते कानावर पडले की माझा पेन आपोआप खाली ठेवला जातो. वाक्य खोटे असते असे नाही. त्यातून मला लिहून घेण्यासारखे काही मिळत नाही, एवढेच.

पॅनेल ही ओढ मुळात का शोधते, हे आधी समजून घ्यायला हवे. एमएसएल हा वैद्यकीय विभागाचा माणूस असतो, विक्री विभागाचा नव्हे. १९६७ साली अपजॉन या अमेरिकन कंपनीने हे पद पहिल्यांदा निर्माण केले, तेव्हापासून त्याचा गाभा एकच राहिला आहे: तज्ज्ञ डॉक्टरांशी आकडेवारीच्या पातळीवर बोलणे, त्यांच्या शंकांना पुराव्यासह उत्तर देणे आणि प्रत्यक्ष व्यवहारात औषधाविषयी कोणते प्रश्न उभे राहतात ते कंपनीपर्यंत पोहोचवणे. एमएसएलच्या डोक्यावर विक्रीचे टार्गेट नसते. बहुतेक दिवस तुम्ही एकटेच असता. सकाळी मिरजेत, दुपारी जयसिंगपुरात, संध्याकाळी घरी. काल रात्री नवा शोधनिबंध वाचला की नाही, हे विचारायला कोणी येत नाही. स्वतःहून वाचण्याची सवय नसलेला माणूस सहा महिन्यांत जुन्या स्लाइड्सवर जगू लागतो, आणि हे डॉक्टरांच्या लगेच लक्षात येते. त्यामुळे ओढ नाही असा अभिप्राय येतो, तेव्हा पॅनेलच्या मनातला खरा प्रश्न असतो की कोणी सांगितले नाही तरी हा माणूस वाचेल का.

या प्रश्नाचे उत्तर आवाजातल्या चढउतारांतून मिळत नाही. तुम्ही एखाद्या गोष्टीचा पाठपुरावा किती खोलवर केला आहे, यातून ते मिळते. एक उदाहरण जरा विस्ताराने सांगते.

काही वर्षांपूर्वी तासगाव भागातली एक उमेदवार आमच्यासमोर आली होती. इंग्रजी बेताचे, आवाज हळू, बोलताना दोनदा अडखळली. "अलीकडे वाचलेल्या एखाद्या संशोधनाविषयी सांगा," या नेहमीच्या प्रश्नावर तिने डापा-एचएफ, म्हणजे हृदयाचे पंपिंग कमी झालेल्या रुग्णांवरचा डापाग्लिफ्लोझिन या औषधाचा अभ्यास, निवडला. त्यात नवल काहीच नव्हते, कारण त्या वर्षी निम्मे उमेदवार तोच अभ्यास घेऊन येत होते. पण तिची सुरुवात वेगळी होती. तिच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांना हृदयाचे पंपिंग कमी झाल्यामुळे डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन लिहून दिले होते. त्यांना मधुमेह नव्हता. औषधाच्या दुकानात कोणीतरी सहज म्हणाले, "ही तर शुगरची गोळी आहे," आणि घरच्यांनी ती परस्पर बंद केली. मधुमेह नसलेल्या माणसाला मधुमेहाची गोळी का देतात, हा प्रश्न तिच्या डोक्यात तिथे शिरला.

मग ती मूळ शोधनिबंधापर्यंत गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४,७४४ रुग्ण होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांना मधुमेह नव्हता, हे तिने प्रथम सांगितले, कारण तिच्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यातच होते. इतर उमेदवार "२६ टक्के घट" एवढेच सांगून थांबत. तिने त्यामागचे आकडे मांडले: हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदयाची स्थिती बिघडणे ही घटना औषध घेणाऱ्यांत १६.३ टक्के रुग्णांत घडली आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, घेणाऱ्यांत २१.२ टक्के रुग्णांत, म्हणजे साधारण १८ महिन्यांत शंभरामागे सुमारे पाच माणसांचा फरक. "त्या घरच्यांना मी २६ टक्के सांगितले असते तर काही कळले नसते, शंभरात पाच म्हटल्यावर कळले," असे ती म्हणाली. आणि पुढे, कोणी विचारले नसताना, तिने जोडले: "मला अजून एक गोष्ट नीट समजलेली नाही. फायदा पहिल्या महिन्यातच दिसू लागतो. साखर कमी होण्याने इतक्या लवकर एवढा परिणाम होणार नाही, आणि लघवी वाढल्यामुळे म्हणावे तर तेवढ्यानेही सगळे स्पष्ट होत नाही. मी तीन-चार लेख वाचले, प्रत्येकाचे म्हणणे वेगळे आहे."

त्या क्षणी पॅनेलमधले आमचे ज्येष्ठ सहकारी, जे एरवी मुलाखतीत मोबाइलकडे बघत बसतात, खुर्चीत पुढे सरकले आणि पुढची दहा मिनिटे ती मुलाखत न राहता दोन माणसांची चर्चा झाली. तुम्हाला जे घडवून आणायचे आहे ते हेच आहे. तिने आपल्याला विज्ञान आवडते असे एकदाही म्हटले नाही. प्रश्न कुठून आला, त्यासाठी ती कुठवर गेली आणि कुठे येऊन अडकली, या तीन गोष्टी तिने सांगितल्या. तिसरी गोष्ट बहुतेक उमेदवार लपवतात, कारण त्यांना ते अज्ञान वाटते. माझ्या अनुभवात नेमकी तीच सर्वांत बोलकी ठरते. पाठ केलेल्या माणसाकडे न सुटलेला प्रश्न नसतो. तो ज्याने खरोखर वाचले आहे त्याच्याकडेच असतो.

याच औषधाच्या मागे किती रस दडलेला आहे पाहा. १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन हा पदार्थ वेगळा काढला गेला. तो दिल्यावर लघवीतून साखर जाते, हे १८८६ मध्ये फॉन मेरिंग यांनी दाखवले. पण आतड्यातून तो नीट शोषला जात नसल्याने त्याचे थेट औषध होऊ शकले नाही; त्याच्याच धर्तीवर नंतर डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे घडवली गेली. पुढे २००८ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मधुमेहाच्या नव्या औषधांनी हृदयाला अपाय होत नाही हे सिद्ध करण्याची अट घातली, आणि अपाय नाही हे दाखवण्यासाठी योजलेल्या, एम्पाग्लिफ्लोझिन या याच गटातल्या औषधाच्या एम्पा-रेग अभ्यासात २०१५ साली उलट हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. हा इतिहास मुलाखतीत पाठ म्हणून ओतू नये, हे खरे. पण तो ठाऊक असलेल्या माणसाचे बोलणे आपोआप वेगळे होते. त्याला औषध हे जाहिरातीतले नाव वाटत नाही, एका लांबलेल्या शोधाचा सध्याचा मुक्काम वाटतो.

आता माझी स्वतःची फजिती. एमएसएल पदासाठी दिलेल्या माझ्या पहिल्या मुलाखतीत मी एका अभ्यासाचे पंधरा स्लाइड्सचे सादरीकरण केले होते. आकडे तोंडपाठ होते, आलेख सुबक होते, आणि माझ्या मते आवाजात उत्साह भरभरून होता. सादरीकरण संपल्यावर समोरच्या डॉक्टरांनी शांतपणे विचारले, "या अभ्यासातून कोणकोणते रुग्ण वगळले होते?" मला सांगता आले नाही. दुसरा प्रश्न: "मग मिरजेच्या ओपीडीतला कोणता रुग्ण या अभ्यासात बसला असता?" तेही सांगता आले नाही. मी निष्कर्ष वाचला होता, पद्धतीचा भाग चाळला होता. बाहेर पडताना मला राग आला होता तो त्यांचा. तो स्वतःवर यायला दोन आठवडे लागले.

नंतर फिरतीवर असताना तो दुसरा प्रश्न मला वारंवार भेटला. एकदा मिरजेत एका फिजिशियनांच्या केबिनमध्ये, बाहेर पन्नास रुग्ण ताटकळत असताना, त्यांनी विचारले, "हा माणूस ऊसतोडीला जातो. सकाळपासून उन्हात असतो, पाणी कमी पितो. याला तुमची ही गोळी दिली तर काय होईल?" गोळी डापाग्लिफ्लोझिनची होती. डापा-एचएफ अभ्यासात शरीरातील द्रव कमी होण्याच्या तक्रारी औषध घेणाऱ्यांत ७.५ टक्के आणि प्लासिबो घेणाऱ्यांत ६.८ टक्के होत्या, म्हणजे फार फरक नव्हता. पण सिस्टॉलिक, म्हणजे वरचा, रक्तदाब ९५ च्या खाली असलेले रुग्ण त्यात घेतलेलेच नव्हते, आणि वैशाखात उसाच्या फडात राबणारा मजूर हा अभ्यासाच्या नियमित तपासणीत असलेल्या रुग्णासारखा नसतो. मी हे सर्व सांगितले आणि अशा कष्टकऱ्यांविषयी थेट पुरावा माझ्या पाहण्यात नाही, हेही सांगितले. ते म्हणाले, "बरं झालं खरं सांगितलंत." पुढे अनेक वर्षे त्यांनी मला वेळ दिला. मुलाखतीत कोणी तुम्हाला उत्साहाविषयी विचारले तर असा एखादा प्रसंग सांगा. तुमच्याकडे फिरतीचा अनुभव नसला तरी औषध सुरक्षा विभागात तीन वर्षे घालवलेल्या माणसाकडे अशा गोष्टींचा तुटवडा नसावा. दुष्परिणामांचे शेकडो अहवाल तुमच्या नजरेखालून गेले असतील. त्यांपैकी कोणत्या एका अहवालाने तुम्हाला कामाची वेळ संपल्यावरही थांबवून ठेवले? रुग्णाचे नाव-गाव आणि कंपनीची गोपनीय माहिती अर्थातच बाजूला ठेवून, तो सांगा.

तुमच्या दोन्ही मुलाखतींत नेमके काय बिनसले असेल याचा मला अंदाज आहे, चुकल्यास क्षमा असावी. औषध सुरक्षेच्या कामात वस्तुनिष्ठ, कोरडे, कर्मणी प्रयोगातले लिहिण्याची शिस्त अंगात मुरते. "असे आढळून आले", "असे नोंदवले गेले". तीच भाषा मुलाखतीत आली की सगळे अचूक असूनही त्यात माणूस सापडत नाही. यावर उपाय म्हणून आवाज वाढवू नका. कर्ता बदला: "मला हे खटकले", "मी हे पडताळून पाहिले", "माझा अंदाज चुकला". एवढ्याने बराच फरक पडतो.

सादरीकरणासाठी निबंध कोणता घ्यावा, असे नेहमी विचारले जाते. बहुतेक उमेदवार त्या कंपनीच्याच औषधाचा गाजलेला अभ्यास घेतात आणि त्याचे गुणगान करतात. पॅनेलला त्या अभ्यासाचा शब्द न् शब्द माहीत असतो, आणि वर तुम्ही आम्हाला खूश करायला आला आहात अशी शंका येते ती वेगळीच. मी तरी वेगळे काही निवडणाऱ्याला झुकते माप देते. आपल्या घाटापलीकडचेच उदाहरण घ्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांवर प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध वापरले आणि ते काम आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रिनलीनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. ही द्रव्ये रक्तवाहिन्यांवर ज्या जागी काम करतात ते अल्फा रिसेप्टर अडवून प्राझोसिन हा लोंढा निष्प्रभ करते. जत, माण, खटाव भागातल्या कोणाही माणसाला विंचवाची ओळख करून द्यावी लागत नाही. पुढे २०११ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात महाडचाच एक अभ्यास आला: ७० रुग्ण, अर्ध्यांना नुसते प्राझोसिन आणि अर्ध्यांना त्याच्या जोडीला विंचूविषावरची प्रतिलस. दहा तासांत बरे झालेल्यांचे प्रमाण प्रतिलस मिळालेल्या गटात ९१.४ टक्के आणि नुसत्या प्राझोसिनच्या गटात २२.९ टक्के होते. ज्या डॉक्टरने प्राझोसिनचा उपयोग जगाला दाखवला, त्याच्याच रुग्णालयातून प्राझोसिन एकटे पुरेसे नाही असे सांगणारा अभ्यास यावा, यात जे आहे त्यालाच मी विज्ञानाची ओढ म्हणते. अभ्यास छोटा आहे, कोणाला काय दिले हे उपचार करणाऱ्यांना ठाऊक होते. यावर पंधरा मिनिटे सहज बोलता येते, आणि प्रश्नोत्तरे रंगतात.

उत्साहाचीही एक अडचण आहे, आणि ती सांगणे मी टाळणार नाही. औषधाच्या प्रेमात पडलेला एमएसएल धोकादायक असतो. मुलाखतीत नाटुकले करून घेतात, त्यात पॅनेलमधला एक जण डॉक्टर होतो आणि मान्यता नसलेल्या वापराविषयी विचारतो. उत्साही उमेदवार इथे हमखास घसरतात. माहिती आहे म्हणून सर्व सांगून टाकतात, वर "मला वाटते चालेल" असेही म्हणतात. डॉक्टरांनी आपणहून विचारलेल्या अशा प्रश्नाला कंपनीच्या ठरलेल्या मार्गाने, दोन्ही बाजूंच्या पुराव्यासह आणि नोंद ठेवून उत्तर द्यायचे असते. आपण होऊन तो विषय काढायचा नसतो. बोलण्याच्या ओघात डॉक्टरांनी एखाद्या रुग्णाला झालेल्या त्रासाचा उल्लेख केला तर तो दुष्परिणाम म्हणून कळवायचा असतो, बहुतेक कंपन्यांत २४ तासांच्या आत. नाटुकल्यात असा उल्लेख मुद्दाम पेरलेला असतो. हा भाग तुमच्या हातचा मळ आहे. तिथे उमटून दिसा.

याच संदर्भात १९८९ सालच्या कास्ट अभ्यासाचा दाखला मला फार उपयोगी वाटतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाचे अनियमित ठोके औषधाने थांबवले की मृत्यू कमी होतील, असे सर्वांना पटलेले होते. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड यांनी ठोके खरोखर आटोक्यात आले, आणि मृत्यू मात्र वाढले. एखाद्या उमेदवाराने स्वतःच्या आवडत्या औषधाविषयी बोलताना "कोणता निकाल आला असता तर माझे मत बदलले असते" हे सांगितले, तर त्याला असले दाखले नुसते माहीत नाहीत, ते पचलेले आहेत, असे मी समजते.

इंग्रजीविषयी थोडेच. आपल्याकडची मुले बोलण्याच्या वेगाला उत्साह समजतात आणि पुण्या-मुंबईच्या उमेदवारांसमोर बुजतात. सावकाश बोला, छोटी वाक्ये करा, आकडे नीट उच्चारा. तयारी करताना एखादा निबंध घरातल्या कोणाला तरी मराठीतून समजावून सांगा, आईला किंवा शेजारच्या काकांना "मग पुढे काय झालं?" असे विचारावेसे वाटले तर तो निबंध मुलाखतीला घेऊन जाण्याजोगा आहे. ऑनलाइन मुलाखत असेल तर कॅमेऱ्याकडे बघा आणि इन्व्हर्टर तपासून ठेवा, याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

शेवटी तुम्हाला काही विचारायचे आहे का असे विचारतात, तेव्हा पगार आणि फिरती यांआधी एक प्रश्न असा विचारा की ज्याचे उत्तर तुम्हाला खरोखर हवे आहे. "या भागातले डॉक्टर तुमच्या एमएसएलना असा कोणता प्रश्न विचारतात, ज्याचे उत्तर अजून कोणाकडेच नाही?" हा मला आवडलेला एक प्रश्न, पण तो आता इथे लिहिला आहे, तेव्हा तुम्ही तुमचा शोधा.

आणि मुलाखत संपली म्हणजे संपली, असे नसते. तासगावच्या त्या मुलीची मुलाखत मुंबईत झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मिरजेला उतरल्यावर तिने स्टेशनवरूनच मला ईमेल पाठवला. आभाराचे एक वाक्य, आणि त्याखाली: "काल मी डापा-एचएफमध्ये ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) २५ च्या खालचे रुग्ण वगळले होते असे सांगितले. ते चूक आहे. २५ हा आकडा डापा-सीकेडी या मूत्रपिंडाच्या रुग्णांवरच्या अभ्यासाचा आहे; डापा-एचएफमध्ये तो ३० होता. गाडीत पुन्हा वाचताना लक्षात आले." पॅनेलवरच्या आम्हा तिघांपैकी एकाच्याही ती चूक आदल्या दिवशी लक्षात आली नव्हती.